परदेशी ग्राहक आणि पुरवठादारांशी बोलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, कुणाला नावाने हाक मारायची नाही, एवढं शिकलं की पुरे ना?

शिकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. पण शिष्टाचाराच्या चुकांनी सौदे क्वचितच मोडतात. परका माणूस चुकणार, हे सगळेच धरून चालतात. पैसे बुडतात ते तीन ठिकाणी: नकार कसा दिला जातो, निर्णय कोण आणि कधी घेतो, आणि कोणत्या बोलण्याला शब्द दिला असं मानतात. यातली चूक लगेच दिसत नाही, हीच तर अडचण. कार्ड एका हाताने दिलं तर समोरच्याच्या चेहऱ्यावर ते त्याच क्षणी उमटतं. 'विचार करतो' हा होकार समजून कच्चा माल मागवलात, तर ते दीड महिन्याने कळतं.

समोरचा 'नाही' म्हणतोय हे ओळखायचं कसं?

जपान, कोरिया, चीन, थायलंड, इंडोनेशिया इथल्या बऱ्याच कंपन्यांत चारचौघांत तोंडावर नकार दिला, तर देणारा आणि घेणारा दोघंही अवघडतात. म्हणून नकार दिला जातो, पण आडून. त्याच्या काही खुणा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत:

- प्रश्नाला उत्तर न देता उलट प्रश्न येतो: 'तुम्हाला हे नक्की कधीपर्यंत हवंय?'
- 'जरा कठीण आहे' असं म्हणून वाक्य अर्धवट सोडलं जातं. जपानी माणूस 'मुझुकाशीई' म्हणाला, तर तो प्रस्ताव त्या स्वरूपात संपला असंच धरा. 'कठीण म्हणजे किती कठीण?' असं विचारून ताणू नका.
- 'तपासून बघतो' म्हणतात, पण तारीख देत नाहीत. तारीख आली तर खरंच तपासणार आहेत.
- पॅकिंग, रंग, वाहतूक सगळ्यावर चर्चा होते. किमतीचा विषय मात्र कुणी काढत नाही.
- आधी वरिष्ठ उत्तर द्यायचे, आता कनिष्ठ देतात आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा छोटं असतं.

यातली एकच खूण दिसली म्हणून घाबरू नका. दोन-तीन एकत्र दिसल्या की थांबा. 'हो की नाही?' असं थेट विचारलंत तर 'हो' मिळेल आणि त्या 'हो'ला काही किंमत नसेल. प्रश्नाची ठेवणच बदला. '२० तारखेला माल निघेल ना?' असं विचारण्याऐवजी '२० तारखेला माल निघायचा असेल तर त्याआधी काय काय व्हावं लागेल?' असं विचारा. खरी अडचण उत्तरात आपोआप येते. दुसरा उपाय म्हणजे तीन पर्याय समोर ठेवणं. ते एक निवडतात, उरलेल्या दोहोंना नकार न देताच मिळतो आणि कुणी दुखावत नाही. तिसरा उपाय: बैठकीनंतर, एकट्यात, ज्याच्याशी तुमचा रोजचा संपर्क आहे त्याला विचारा. वीस जणांसमोर न सांगितलेली गोष्ट तो जेवताना सांगतो.

मग 'हो' म्हणजे मान्य, असं कुठे धरायचं?

'हो, हो' म्हणजे पुष्कळदा 'ऐकतोय, पुढे बोला' इतकंच. होकार पक्का धरायचा तो त्यासोबत काहीतरी हललं तर: नमुन्याचे पैसे आले, खरेदी ऑर्डरचा क्रमांक मिळाला, तांत्रिक माणसाचं नाव दिलं गेलं. यातलं काहीच झालं नसेल तर होकार अजून यायचा आहे.

किंमत सांगितली आणि सगळे गप्प बसले. काय करायचं?

तुम्हीही गप्प बसा. मनात दहा अंक मोजा. सगळ्यात महाग चूक इथेच होते: शांततेने घाबरून विक्रेता आपणहून बोलतो, 'अर्थात यात थोडं कमी-जास्त करता येईल.' समोरच्याने काहीच मागितलं नव्हतं, तरी पाच टक्के गेले.

एक गैरसमज दूर करायला हवा. पूर्वेकडच्या भाषांत संथ बोलतात म्हणून शांतता पडते, असं नाही. दहा भाषांतल्या रोजच्या संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे ०.२ सेकंद जातात असं आढळलं. उत्तराला सगळ्यात कमी वेळ लागला जपानी बोलणाऱ्यांना आणि सगळ्यात जास्त डॅनिश बोलणाऱ्यांना. म्हणजे बैठकीतली लांब शांतता ठरवून घेतलेली असते: विचार चालू आहे, वरिष्ठ आधी बोलावेत म्हणून कनिष्ठ थांबलेत, किंवा आकडा आवडलेला नाही. शिवाय बैठक दोघांच्याही परक्या भाषेत चालू असेल तर वाक्य जुळवायला वेळ लागतोच.

व्हिडिओ कॉलवर हे आणखी बिघडतं. आवाज उशिरा पोचतो, दोघं एकदम बोलायला लागतात आणि ज्याला माघार घ्यायची सवय आहे तो तासभर बोलतच नाही. उपाय साधा आहे. प्रश्न एक-दोन दिवस आधी लिहून पाठवा आणि कॉलवर नाव घेऊन क्रमाने विचारा. 'कुणाला काही विचारायचंय?' या वाक्याने काहीही साधत नाही.

जपानी कंपनीबरोबर बैठक उत्तम झाली, पण निर्णयच येत नाही. का?

तिथल्या पारंपरिक कंपन्यांत औपचारिक बैठक निर्णय घेण्यासाठी नसतेच. आधीच झालेला निर्णय तिथे जाहीर होतो. निर्णय घडतो तो बैठकीआधी, एकेका विभागाला भेटून संमती मिळवण्याच्या प्रक्रियेत. तिला नेमावाशी म्हणतात. मग प्रस्तावाचा कागद विभागाविभागांतून फिरतो, प्रत्येक जण त्यावर शिक्का मारतो, ती रिंगी. त्यामुळे खोलीतल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाकडे 'आज ठरवूनच टाकू' असा आग्रह धरणं व्यर्थ आहे. त्याला एकट्याने हो म्हणता येत नाही आणि तसं सांगणंही त्याला अवघड जातं.

तुम्ही काय करायचं? सादरीकरण आणि नमुने किमान एक-दोन आठवडे आधी पाठवा. उत्पादन, दर्जा, खरेदी, वित्त या चारही विभागांचे प्रश्न वेगळे असतात. प्रत्येकासाठी एकेका पानाचं उत्तर तयार ठेवा आणि तुमच्या रोजच्या संपर्कातल्या माणसाच्या हातात द्या, कारण आत तुमची वकिली तोच करणार आहे. बैठकीत नवा आकडा बाहेर काढू नका. तो कितीही आकर्षक असला तरी कागद पुन्हा पहिल्या टेबलावर जातो. आणि ड्रॉइंग, मापं, मापांत चालणारा फरक (टॉलरन्स) यांवर आधीच एकमत करून घ्या. एकदा शिक्के बसले की काम झपाट्याने होतं, पण बदल करणं फार जड जातं.

उलट टोक म्हणजे मालकाच्या शब्दावर चालणाऱ्या कंपन्या. आखातातल्या अनेक कौटुंबिक उद्योगांत असं असतं. तिथे मधल्या फळीशी सहा महिने चांगल्या चर्चा होऊ शकतात आणि सौदा तसूभरही सरकत नाही. ज्याच्या हातात सही आहे तो खोलीत कधी येणार, हे तिसऱ्या भेटीच्या आत विचारून घ्या.

जर्मन ग्राहकाने प्रस्तावातल्या अठरा चुका क्रमांक घालून पाठवल्या. सौदा गेला का?

बहुधा उलट. नको असलेला प्रस्ताव इतक्या बारकाईने कुणी वाचत नाही. त्याच क्रमांकांनी अठरा उत्तरं पाठवा. माफीचा परिच्छेद नको, 'आपल्या मौल्यवान सूचनांबद्दल आभार' नको. जिथे तुमचं बरोबर आहे तिथे तसं लिहा, कारण आणि आकडा द्या. सगळं निमूट मान्य केलंत तर तुम्हाला विषय कळत नाही असा समज होईल. नेदरलँड्समध्येही साधारण हाच अनुभव येतो.

अमेरिकी ग्राहकाकडून आलेला ईमेल वेगळा वाचावा लागतो. अमेरिकी माणूस सूचना अगदी सुटसुटीत देतो, पण टीका कौतुकात गुंडाळून देतो. 'झकास काम! टीमला फार आवडलं. फक्त एक छोटासा विचार...' यातला छोटासा विचार म्हणजेच ईमेलचं कारण. ब्रिटिशांत ही धार आणखी बोथट होते. 'यावर पुन्हा एकदा नजर टाकावी का?' म्हणजे बदला. फ्रेंच सहकाऱ्याचं उलटं असतं: एरवी बोलणं वळणावळणाचं, मात्र तुमच्या कल्पनेतला दोष तो भर बैठकीत सोलून काढतो आणि नंतर मजेत कॉफी प्यायला घेऊन जातो. एखादा समाज 'थेट' की 'आडवळणी' हा प्रश्न त्यामुळे अपुरा ठरतो. सूचना देताना कसे, टीका करताना कसे आणि नकार देताना कसे, असे तीन वेगळे प्रश्न विचारा.

पुरवठादार शेवटच्या दिवसापर्यंत 'सगळं ठीक' सांगतो आणि मग माल येतच नाही. हे थांबवायचं कसं?

वाईट बातमी वरच्याला किंवा ग्राहकाला सांगणं अनेक ठिकाणी उद्धटपणाचं समजलं जातं. सांगितली तरी ती इतकी मऊ करून सांगतात की ऐकणाऱ्याला तिचं गांभीर्य कळत नाही. याचं सगळ्यात भीषण उदाहरण व्यापारातलं नाही, विमानांचं आहे. २५ जानेवारी १९९० रोजी एव्हियान्का कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कला उतरण्याआधी इंधन संपून लाँग आयलंडवर कोसळलं. विमानातल्या १५८ जणांपैकी ७३ जण दगावले. वैमानिकांनी नियंत्रण कक्षाकडे 'प्राधान्य' मागितलं होतं, इंधन संपत आल्याचंही सांगितलं होतं. पण आणीबाणी जाहीर करणारा ठरलेला शब्द उच्चारला गेला नाही आणि नियंत्रकांना त्यांची निकड पोचली नाही. इंधनाचं नियोजन, खराब हवामान, गर्दी अशी बाकीचीही कारणं होती. तरीही बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात 'गंभीर' म्हणजे कोणता शब्द, हे पक्कं असणं किती गरजेचं आहे, ते यावरून दिसतं.

व्यवहारात हा शब्द आधी ठरवून ठेवता येतो. पहिल्याच ऑर्डरच्या वेळी लिहून घ्या: तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर होणार असं दिसलं तर ईमेलच्या विषयात 'उशीर' लिहायचं, त्याच दिवशी, कारण माहीत नसलं तरी. मग दर आठवड्याला एक छोटा तक्ता मागवा: कच्चा माल किती आला, किती नग तयार झाले, किती बाद झाले, किती पॅक झाले. 'कसं चाललंय?' याला 'छान' हे उत्तर देता येतं. 'किती नग पॅक झाले?' याला देता येत नाही. आकडा लिहिणाऱ्याला स्वतःहून वाईट बातमी दिल्यासारखंही वाटत नाही.

माल निघण्याआधी त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घ्या. सहसा उत्पादन पूर्ण आणि किमान ८० टक्के माल पॅक झाल्यावर ती होते. किती नग उघडून बघायचे हे आयएसओ २८५९-१ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या नमुना तक्त्यांवरून ठरवतात. 'आमच्याकडे सगळ्याच ऑर्डरना हे करतात' असं सुरुवातीलाच सांगितलं की अविश्वासाचा वास येत नाही.

आणि पहिली वाईट बातमी येईल तेव्हा तुम्ही कसे वागता, त्यावर पुढच्या सगळ्या बातम्या अवलंबून आहेत. त्याच्या साहेबाला ईमेलची प्रत जोडून झापलंत, तर ती शेवटची बातमी ठरेल.

ईमेल कसा लिहावा?

छोटा, एका विषयाचा आणि मागणी वर ठेवून. हा एक नेहमीचा मसुदा बघा: 'आपण मागील आठवड्यात चर्चा केल्याप्रमाणे सदर बाबतीत लवकरात लवकर आवश्यक ती कार्यवाही व्हावी.' यात कोण, काय, कधी, काहीच नाही. तोच असा लिहा: 'ड्रॉइंग क्रमांक ४, बदल २ याला तुमची लेखी मंजुरी बुधवार, ९ एप्रिलपर्यंत हवी आहे. त्यानंतर मंजुरी आली तर माल २ मेऐवजी ९ मे रोजी निघेल.' उशिराचा परिणाम लिहिला की ताकीद द्यावी लागत नाही.

मात्र ब्राझील, मेक्सिको, इजिप्त अशा ठिकाणी नमस्काराचे आणि विचारपुशीचे दोन ओळींचे शब्द आधी हवेतच. ते गाळले तर ईमेल रागाने लिहिल्यासारखा वाटतो. जर्मनीत अनोळखी माणसाला आडनावाने आणि पदवी असेल तर 'डॉक्टर' लावून लिहा. नावावर यायचं ते त्यांनी सुचवल्यावर. सगळीकडे चालेल अशी एक सवय सांगतो: त्यांनी मागच्या ईमेलमध्ये तुम्हाला जसं संबोधलं, जितकी प्रस्तावना केली, तितकीच तुम्ही करा.

तारखा, आकडे आणि वेळा यांत खरंच इतके घोळ होतात का?

संस्कृतीच्या मोठ्या चर्चांपेक्षा जास्त. ०३/०४ म्हणजे अमेरिकेत ४ मार्च, युरोपात ३ एप्रिल. महिन्याचं नाव अक्षरी लिहा, वाद मिटतो. १.५०० किलो म्हणजे अमेरिकेत दीड किलो, जर्मनीत दीड हजार किलो. वजन आणि रकमेत हजारासाठी टिंब किंवा स्वल्पविराम काहीच वापरू नका आणि मोठी रक्कम अक्षरीही लिहा. लाख-कोटी दक्षिण आशियाबाहेर कळत नाहीत, आणि 'बिलियन'ही निर्धोक नाही: इंग्रजीत ते शंभर कोटी, पण स्पॅनिश आणि जर्मनमधला जवळजवळ तसाच शब्द एक लाख कोटींसाठी आहे.

अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे ठरलेले कॉल हमखास चुकतात, म्हणून निमंत्रणात दोन्ही शहरांची वेळ लिहा. सौदी अरेबियात सुटी शुक्रवार-शनिवार, तर संयुक्त अरब अमिरातीत सरकारी कामकाजाला २०२२ पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस.

दुभाषी घेतला की प्रश्न सुटतो ना?

त्याला नीट वापरला तर. तुम्ही बोला, मग तो बोलेल, या पद्धतीत वेळ दुप्पट लागतो. तासाभराच्या बैठकीला दोन तास धरा. एकाच वेळी कानात भाषांतर हवं असेल तर दोन दुभाषी लागतात आणि ते साधारण अर्ध्या तासाने एकमेकांची जागा घेतात. एकाच माणसाला दिवसभर बसवलंत तर दुपारनंतर आकडे चुकायला लागतात.

विषयपत्रिका, ड्रॉइंग आणि पंचवीस-तीस तांत्रिक शब्दांची यादी त्याला दोन दिवस आधी द्या. एका वेळी दोन वाक्यं बोला. बघायचं समोरच्या माणसाकडे, दुभाष्याकडे नाही. प्रत्येक आकडा कागदावर लिहून दाखवा. विनोद टाळा, दुभाषी कधीकधी 'यांनी विनोद केला आहे, कृपया हसा' एवढंच सांगून मोकळा होतो. समोरच्यांचा दुभाषी असला तरी स्वतःचा ठेवा आणि बैठक संपल्यावर त्याला पंधरा मिनिटं विचारा: ते आपसात कोणत्या सुरात बोलत होते?

इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचंच बोलणं सगळ्यात अवघड का जातं?

कारण ते आपली भाषा सोपी करत नाहीत. कोरियन आणि ब्राझिलियन माणूस मोडक्या इंग्रजीत एकमेकांना नीट समजतात. तिसरा लंडनचा आला की क्रिकेट, जहाजं आणि हवामानाचे वाक्प्रचार सुरू होतात. निःसंकोचपणे म्हणा, 'मला समजलं ते असं...' आणि आपल्या शब्दांत परत सांगा. 'कळलं नाही' म्हणण्यापेक्षा हे जास्त उपयोगी, कारण चुकीचं कळलेलंही यात सापडतं.

लेखी करार आधी की ओळख आधी?

चीन, आखात, लॅटिन अमेरिका इथे बहुतेकदा ओळख आधी, आणि करारानंतरही परिस्थिती बदलली तर पुन्हा बोलायची तयारी गृहीत धरतात. अमेरिकेत सही झाली म्हणजे बोलणी संपली. दोन्ही बाजू प्रामाणिक असतात आणि दोन्ही बाजूंना समोरचा लबाड वाटतो. त्यामुळे फेरचर्चेचं कलमच करारात घाला: कच्च्या मालाचा भाव इतके टक्के हलला तर इतक्या दिवसांत दोघं बसतील.

मौनाबद्दल कायदाही सावध आहे. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या १९८० च्या व्हिएन्ना कराराच्या १८व्या कलमानुसार केवळ गप्प राहणं म्हणजे स्वीकृती नव्हे. 'उत्तर आलं नाही, म्हणजे मान्य' असं गृहीत धरून उत्पादन सुरू करू नका. कोणत्या देशाचा कायदा लागू आणि वाद कुठे चालणार, हे लिहिल्याशिवाय सही नको.

व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेतली तर चालेल?

ब्राझीलमध्ये व्हॉट्सअॅप, चीनमध्ये वीचॅट, जपानमध्ये लाइन, कोरियात काकाओटॉक. माणूस जिथे उत्तर देतो तिथे बोला. किंमत, प्रमाण, तारीख मात्र त्याच दिवशी ईमेलने पक्की करा.

देशांना गुण देणाऱ्या तक्त्यांवर किती विसंबावं?

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी संदर्भावर कमी-जास्त विसंबणाऱ्या संस्कृती अशी मांडणी केली, म्हणजे किती शब्दांत सांगतात आणि किती प्रसंगावरून समजून घ्यायचं सोडतात. देशांना संस्कृतीच्या मोजपट्ट्यांवर गुण देणारे डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड यांचे मूळ आकडे १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून आलेले होते. एका कंपनीचे, पन्नास वर्षांपूर्वीचे लोक, हे लक्षात ठेवून वाचा. पहिल्या भेटीआधी काय विचारायचं हे अशा तक्त्यांवरून सुचतं. समोर बसलेल्या माणसाबद्दल ते काही सांगत नाहीत. बर्लिनमधल्या स्टार्टअपची तरुणी आणि गावातल्या शंभर वर्षं जुन्या कारखान्याचा मालक, दोघंही जर्मन. व्यवसाय, वय आणि कंपनीचा आकार यांनी फार फरक पडतो. जगभरातले अभियंते एकमेकांशी जितके सहज बोलतात, तितके ते स्वतःच्या विक्री विभागाशी बोलत नाहीत.

संस्कृतीचा फरक आहे की सरळ टाळाटाळ, हे कसं कळणार?

संस्कृतीच्या नावावर फार काही खपवलं जातं. १९९८ साली जर्मन डेमलर-बेंझ आणि अमेरिकी क्रायसलर या मोटार कंपन्या एकत्र आल्या. २००७ साली क्रायसलरचा बहुतांश हिस्सा विकावा लागला. हे जर्मन-अमेरिकी स्वभावांचं भांडण म्हणून सांगितलं जातं आणि त्यात तथ्य आहेच. पण जाहीर केलं होतं 'समानांचं विलीनीकरण', आणि एकत्रित कंपनीचे प्रमुख युर्गेन श्रेम्प यांनी २००० साली 'फायनान्शियल टाइम्स'ला सांगितलं की क्रायसलर एक विभाग म्हणूनच राहावी ही रचना त्यांच्या मनात आधीपासून होती. हा सत्तेचा प्रश्न होता, बोलण्याच्या पद्धतीचा नव्हे.

ओळखण्याची एक व्यवहारी कसोटी आहे. बोलण्याची पद्धत बदलून बघा: एकट्यात विचारा, मध्यस्थामार्फत विचारा, पर्याय द्या, लेखी विचारा. फरक संस्कृतीचा असेल तर यातल्या एका तरी वाटेने माहिती येते. चारही वाटा करून झाल्या, त्यांच्याच देशातल्या दुसऱ्या ग्राहकालाही तोच अनुभव आहे, आणि आगाऊ रक्कम मात्र दरवेळी वेळेवर मागितली जाते, असं असेल तर दुसरा पुरवठादार शोधा.